दूरच्या टोकाला दमणारी गाडी: मॉडेल रेल्वेच्या एका बिघाडाचा प्रकरण अभ्यास

शाळा सुटल्यावर भरणाऱ्या एका विज्ञान गटातलं हे प्रकरण आहे. गटात १२ ते १४ वयाची मुलं-मुली, आठवड्यातून एक संध्याकाळ, आणि मार्गदर्शक म्हणून मी. भिंतीच्या कडेने प्लायवूडच्या फळ्या जोडून त्यावर एचओ मापाची रेल्वे मांडली होती. एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या १/८७ आकार. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. एका टोकाला स्टेशन, दुसऱ्या टोकाला मालधक्का, मध्ये सुमारे सहा मीटरची एकेरी लाइन. रूळ जुने, तुकड्यातुकड्यांचे, पत्र्याच्या छोट्या जोडपट्ट्यांनी एकमेकांत अडकवलेले. गाडीचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर स्टेशनाजवळ, आणि रुळांना वीज देणाऱ्या दोन वायरीही तिथेच.

बिघाड असा: गाडी स्टेशनातून जोमाने निघायची आणि मालधक्का येईपर्यंत रांगायला लागायची. दोन डबे जास्त लावले की शेवटच्या टप्प्यात थांबायचीच. मग कुणीतरी बोटाने ढकलायचं, आणि सगळे हसायचे.

हे सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण आधी मी नीट तयारी करून घेतलेल्या प्रात्यक्षिकांनी जे साधलं नव्हतं ते या एका बिघाडाने साधलं. ओहमचा नियम या मुलांना पाठ होता. त्याची गरज मात्र त्यांना त्यापूर्वी कधीच पडली नव्हती.

आधीची परिस्थिती

तेरा वर्षांच्या मुलापुढे रेल्वे ठेवली की तो आनंदाने उडी मारेल, हा मोठ्यांचा समज. या वयात ‘हे लहान मुलांचं आहे’ अशी शंका नुसती आली तरी मूल चार पावलं मागे सरकतं. आमच्याकडेही तेच झालं. दोघे-तिघे मनापासून रेल्वेवेडे होते, ते कंट्रोलर सोडत नसत. बाकीचे भिंतीला टेकून उभे. मुली तर जवळजवळ सगळ्याच मागे.

त्यात एक हौशी गृहस्थ मदतीला आले होते. त्यांची स्वतःची इंजिनं अप्रतिम होती, हेतूही चांगला होता, पण ‘हात लावू नका’ हे वाक्य त्या काळात फार वेळा ऐकू आलं. सुंदर, बिनचूक चालणारी गाडी पाहून मुलं ‘वा’ म्हणायची आणि दहा मिनिटांत मोबाइलकडे वळायची. त्या गाडीत त्यांच्यासाठी करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. पुढे आम्ही ठरवलं की मुलांनी बिनधास्त उघडावं, मोडावं, पुन्हा जोडावं असंच सामान वापरायचं. जुने रूळ आले ते असे, आणि त्यांच्याबरोबर बिघाडही आला.

‘ताई, गाडी दमते’

एका मुलाने हे म्हटलं आणि मी उत्तर दिलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं, निदान अंदाजाने. मार्गदर्शकाची खरी कसोटी इथेच असते. दोन वाक्यांत सांगून टाकलं असतं तर गाडी पाच मिनिटांत धावली असती आणि प्रकरण तिथेच संपलं असतं. मी एवढंच विचारलं, “का दमते, ते कसं शोधाल?”

फळ्यावर कारणं लिहायला सुरुवात झाली. फळी तिकडे चढाला असेल. मोटार तापत असेल. इंजिन जुनं आहे. वीज लांब जाऊन कमी होत असेल. तिकडचे रूळ मळलेले असतील. एकीने लिहिलं, “गाडी जाताना दमते, पण येताना वेग घेते. म्हणजे मोटार तापत नाही.” ही मुलगी तोवर भिंतीला टेकून उभी असायची. तापलेली मोटार परतीच्या वाटेवर आपोआप ताजी कशी होईल, असा तिचा मुद्दा होता. एक कारण नुसत्या विचाराने खोडलं गेलं, आणि खोलीतलं वातावरण बदललं. आता प्रत्येकाला दुसऱ्याचं कारण खोडायचं होतं.

चढाचा संशय मोबाइलमधल्या पातळी मोजणाऱ्या ॲपने सुटला. फळी थोडी तिरकी होती, पण उलट्या बाजूला: गाडीला मालधक्क्याकडे उतारच होता. दुसरं इंजिन लावून पाहिलं, तेही दमलं. रूळ पुसले, थोडा फरक पडला, दमणं राहिलं. उरली वीज.

आलेखातल्या पायऱ्या

कुणाच्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते मला आठवत नाही, पण मुलांनी रुळाच्या कडेने कागदाची पट्टी चिकटवून अर्ध्या-अर्ध्या मीटरवर खुणा केल्या आणि गाडीचं स्लो-मोशन चित्रण केलं. प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते फ्रेम मोजून काढलं. मग वेग विरुद्ध अंतर असा आलेख.

‘वीज लांब जाऊन कमी होते’ हे खरं असतं तर रेघ सावकाश, सरळ उतरत गेली असती. ती तशी उतरली नाही. बराच भाग जवळजवळ सपाट, मग एकदम खाली, पुन्हा सपाट, पुन्हा एकदम खाली. दोन पायऱ्या. सगळे त्या कागदावर वाकले होते. खुणांच्या जागा शोधल्या तर दोन्ही पायऱ्या बरोबर रुळांच्या जोडांवर पडत होत्या.

इथे थोडं थांबून सांगायला हवं की हा आलेख इतका बोलका का झाला. या इंजिनांत कायम-चुंबकाची डीसी मोटार असते. तिचा वेग साधारणपणे तिला मिळणाऱ्या व्होल्टेजच्या प्रमाणात असतो; फिरताना ती स्वतःच उलट दिशेचं व्होल्टेज निर्माण करते आणि ते पुरवठ्याच्या जवळ पोचलं की वेग स्थिरावतो. म्हणजे धावणारी गाडी हाच एक व्होल्टमीटर होता, आणि तो प्रत्येक सेंटिमीटरवरचं माप सांगत चालला होता. हे मी त्यांना आलेख झाल्यानंतर सांगितलं, आधी सांगितलं असतं तर कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

मल्टिमीटर खोटं बोलतो का?

आता व्होल्टेज मोजणारा खरा मल्टिमीटर बाहेर आला. स्टेशनाजवळ १२ व्होल्ट. मालधक्क्याजवळही १२ व्होल्ट.

हा या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण. आलेख सांगतो वीज कमी होते, मल्टिमीटर सांगतो होत नाही. बॅटरी बदलून पाहिली, टोकं घासली, दुसरा मीटर आणला. पुन्हा १२. “मीटर खोटं बोलतोय,” एक जण म्हणाला. दुसऱ्याने तिथल्या तिथे गाडी आणून रुळावर ठेवली, मीटर लावलेलाच होता, आणि आकडा घसरून साडेआठच्या आसपास आला. गाडी उचलली, १२. ठेवली, साडेआठ. हे त्यांनी किती वेळा केलं असेल! गाडी नसताना वीज पूर्ण पोचते आणि गाडी आली की कमी होते, म्हणजे काय?

उत्तरापर्यंत एक मुलगा पोचला तो नळाच्या वाटेने. घरात सगळे नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण असतो, नळ उघडला की कमी होतो, आणि पाइप चोंदलेला असेल तर फारच कमी होतो. पाणी वाहिल्याशिवाय चोंदलेलं कळत नाही. करंट वाहत नसेल तर रोधावर व्होल्टेज पडत नाही: व्ही (व्होल्टेज) बरोबर आय (करंट) गुणिले आर (रोध), आणि आय शून्य असेल तर आर कितीही असो, गुणाकार शून्य. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून त्याला नुसत्या रुळावर १२ दिसत होते. पाठ्यपुस्तकातलं सूत्र फळ्यावर आलं ते असं, एका मुलाच्या हाताने, आणि त्यातल्या आय या अक्षराला पहिल्यांदाच काही अर्थ होता.

मोजणी नीट व्हावी म्हणून गाडीऐवजी १२ व्होल्ट, ५ वॅटचा दिवा वापरला. तो पूर्ण व्होल्टेजला साधारण ०.४ अँपिअर ओढतो, म्हणजे अशा इंजिनाइतकाच, आणि एका जागी राहतो. दिवा मालधक्क्याला जोडला आणि मीटरची दोन टोकं प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे लावत मुलं एकेक जोड तपासत गेली. बहुतेक जोडांवर नगण्य आकडा. दोन जोडांवर मात्र दीड-दीड व्होल्ट. त्यातली एक जोडपट्टी चिमटीत धरली तर हलत होती. दुसरी वरून ठणठणीत दिसायची, आतून काळी पडलेली. रुळाच्या स्वतःच्या लांबीमुळे होणारी घट त्यामानाने किरकोळ निघाली.

मार्गदर्शकांसाठी एक सूचना: काही कंट्रोलर सलग डीसी न देता तुटक स्पंदनं देतात. त्यांच्यावर साध्या मीटरचा आकडा फसवा ठरू शकतो. अशा प्रयोगाला सलग डीसी देणारा पुरवठा घ्यावा. आणि मेन्सला जोडलेलं कुठलंही उपकरण उघडायचं नाही. मुलांचा हात फक्त १२ व्होल्टच्या बाजूला.

दुरुस्ती

‘दोन जोड घट्ट करा, झालं,’ असा एक पक्ष होता. दुसरा पक्ष म्हणाला की आज हे दोन, उद्या आणखी दोन. वाद चांगलाच रंगला, आणि तो अभियांत्रिकीचा वाद होता: बिघाड काढायचा की बिघाड झाला तरी चालेल अशी रचना करायची? शेवटी फळीखालून तांब्याच्या दोन जाड वायरी पूर्ण लांबी ओढल्या आणि दर मीटरभराने त्यांतून बारीक वायर वर आणून रुळाला सोल्डर केली. हे रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी तो तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. त्याची रोधकता तांब्याच्या पंधरा-वीस पट. मग रुळांनी वीज नेण्याऐवजी तांब्याने न्यावी, हे मुलांनी आकडे पाहून स्वतःच ठरवलं.

सोल्डरिंग या वयाच्या मुलांना जमतं. डोळ्यांना चष्मा, खिडकी उघडी, शिसंविरहित सोल्डर, आणि शेजारी मोठं माणूस, एवढी पथ्यं पाळायची. पहिले काही जोड गोळ्यासारखे झाले, रुळाखालचे दोन स्लीपर वितळले. ते तसेच ठेवले आहेत.

दुरुस्तीनंतर पुन्हा चित्रण, पुन्हा आलेख. रेघ सपाट आली. तो कागद त्यांनी जुन्याच्या शेजारी भिंतीवर लावला, मी न सांगता.

रेल्वेत रस नसलेल्यांचं काय झालं

मला या प्रकरणातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोटार तापत नाही हे ओळखणाऱ्या त्या मुलीला गाड्यांचं काडीचंही प्रेम नव्हतं, आजही नाही. तिने सिग्नल घेतला. स्टेशनाच्या लाइनवर अदृश्य प्रकाशकिरण सोडायचा, समोर सेन्सर. गाडीने किरण अडवला की सिग्नल लाल, नाहीतर हिरवा. पहिल्या प्रयत्नात चाललं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात फळाटावर गाडी उभी, आणि सिग्नल खुशाल हिरवा.

सेन्सरची वायर सुटली होती. तिच्या रचनेत ‘गाडी आहे’ असा निरोप आला तरच दिवा लाल व्हायचा. वायर तुटली की निरोपच येत नसे आणि सिग्नल हिरवा राही. वायर पुन्हा जोडली की काम संपलं असतं, पण तिला ते पटलं नाही. खरी गाडी असती तर? तिने रचना उलटवली: किरण पोचतोय असा निरोप सतत येत असेल तरच हिरवा. गाडी आली, वायर तुटली, सेन्सर मेला, वीज गेली, काहीही झालं तरी हिरवा विझणार. लाल दिव्याला तिने वेगळी बॅटरी दिली.

तेव्हा मी तिला विल्यम रॉबिन्सनबद्दल सांगितलं. या अमेरिकन अभियंत्याने १८७२ साली ‘ट्रॅक सर्किट’चं पेटंट घेतलं. रुळाच्या एका भागाच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे करंटच्या जोरावर चालणारा स्विच. रुळांतून करंट वाहत असेल तोवर रिले ओढलेला राहतो आणि सिग्नल मोकळा असतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, करंट रिलेपर्यंत पोचत नाही, सिग्नल बंद. रूळ तुटला तरी सिग्नल बंद. तिने विचार करून आणलेलं तत्त्व तेच होतं, आणि त्याच्यावर गेली दीडशे वर्षं जगभरची माणसं सुखरूप प्रवास करत आली आहेत. तिचा पुढचा प्रश्न तयार होता: खऱ्या गाडीची चाकं दोन्ही रूळ जोडतात, मग आपल्या गाडीने शॉर्ट कसा होत नाही? तिने एक डबा उलटा करून पाहिला. मॉडेलची चाकं एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवलेली असतात, तेवढाच फरक.

अशी माणसं रेल्वेच्या टेबलाभोवती नेहमीच असतात. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४६ साली ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ सुरू झाला. त्यात काहींना हुबेहूब डबे आणि देखावे करण्यात रस होता, तर ‘सिग्नल्स अँड पॉवर’ गटातल्या मंडळींचा जीव टेबलाखालच्या टेलिफोन रिलेंच्या जाळ्यात. त्यांतले काही पुढे संगणकांकडे वळले. १९६२ साली पीडीपी-१ संगणकावर तयार झालेल्या ‘स्पेसवॉर’ या खेळामागे या क्लबची मुलं होती. ते विद्यापीठातले विद्यार्थी होते, आमची मुलं त्यांच्याहून कितीतरी लहान. पण टेबलाच्या वर आणि टेबलाखाली अशी दोन दारं असणं हा गुण दोन्हीकडे सारखाच.

गणित एका मुलाच्या वाट्याला वळणांतून आलं. रुळांचं पूर्ण वर्तुळ केलं तर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा किती लांब? त्याचा अंदाज होता की वर्तुळ मोठं तर फरक मोठा. दोरीने मोजलं, सूत्राने काढलं: दोन पाय (π) गुणिले १६.५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास १०४ मिलिमीटर, वर्तुळ लहान असो की मोठं. त्याने ३६ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर केलं, नंतर खडूने जमिनीवर काढलेल्या भल्यामोठ्या वर्तुळावर केलं. पटायला त्याला दोन्ही लागले. तीच ३६ सेंटिमीटरची त्रिज्या ८७ ने गुणली तर ३१ मीटर येते, आणि खरी लांब पल्ल्याची गाडी इतक्या आवळ वळणावर वळूच शकत नाही, हेही त्यातून निघालं.

काय जमलं नाही

कंट्रोलर न सोडणारे जे मूळचे रेल्वेवेडे होते त्यातला एक हळूहळू येईनासा झाला. त्याला गाड्या चालवायच्या होत्या, आणि आम्ही कित्येक संध्याकाळी गाडी बाजूला ठेवून जोड मोजत बसलो. त्याची नाराजी रास्त होती. आता प्रत्येक बैठकीचा शेवटचा भाग नुसता चालवण्यासाठी राखीव असतो, वेळापत्रक लावून. दोन गाड्यांची एकेरी लाइनवर गाठ घालण्याचं वेळापत्रक बसवणं हेही कमी डोक्याचं काम नाही.

मोजमापाच्या वह्यांबाबतही हात टेकले. आलेख आनंदाने काढतात, पण तारीख, परिस्थिती, कुठलं इंजिन होतं, हे लिहायला कुणी तयार नसतं. मी सक्ती केलेली नाही.

मुळात रेल्वेच का, तयार रोबो किट का नाही, असं मला विचारलं जातं. किट वाईट नसतात. पण पायऱ्या छापलेल्या असतात, शेवट ठरलेला असतो, आणि चुकलं तर चूक बहुधा कोडच्या ओळीत लपलेली असते. रेल्वेचा बिघाड सगळ्यांसमोर होतो, त्याला जागा असते, त्यावर बोट ठेवता येतं. शिवाय मापं इतकी जुनी आणि पक्की आहेत की कित्येक दशकांपूर्वीचा डबाही आजच्या एचओ रुळावर सहसा चालतो. मुलांनी केलेलं काम पुढच्या मुलांच्या हाती जातं. जागा मात्र लागते, आणि मोठ्या माणसाचा संयम त्याहून जास्त.

मुद्दाम बिघाड पेरून ठेवावेत असं एका सहकाऱ्याचं मत आहे. मला ते मान्य नाही. उत्तर कुणाच्या तरी खिशात आहे हे मुलांना लगेच कळतं, आणि मग ती बिघाड शोधत नाहीत, आपला चेहरा वाचतात.

सध्या गट मालधक्क्याच्या टोकाला वळसा घालण्याच्या मागे आहे, म्हणजे गाडी न उलटता त्याच लाइनवर परत येईल. कागदावर एक रूळ तांबड्या आणि एक निळ्या पेन्सिलीने काढत गेल्यावर वळशाच्या शेवटी तांबडा येऊन निळ्याला भेटला, म्हणजे तिथे शॉर्ट होणार. वळशाचा तुकडा दोन्ही टोकांना तोडून अलग करायचा आणि गाडी त्यात असताना मुख्य लाइनची ध्रुवता, म्हणजे रुळांची धन-ऋण बाजू, स्विचने बदलायची, इथवर ते पोचले आहेत. अलग केलेला तुकडा सगळ्यात लांब गाडीपेक्षा मोठा हवा हे अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. तो तुकडा त्यांनी सध्या तीन डब्यांइतका धरला आहे, आणि त्यांची आवडती मालगाडी सात डब्यांची आहे.